म्युनिकच्या वेशीतला साधू

प्रश्न असा आला आहे: "ऑक्टोबरफेस्टला गेलेल्या दिरांनी म्युनिकहून बिअरचा मग आणलाय. त्यावर काळा झगा घातलेली एक गुटगुटीत मुलगी आहे. एका हातात फेसाळती बिअर, दुसऱ्या हातात मुळा. दीर म्हणतात, हेच त्या शहराचं मानचिन्ह. शहराच्या मानचिन्हात बिअर पिणारं पोर कसं असेल? शिवाय म्युनिक हे नाव आपल्या 'मुनी'वरून आलं, असा मेसेज आमच्या पुण्यातल्या नातेवाइकांत फिरतोय. त्यात काही तथ्य आहे का?"

आधी मगाचं सांगते. मग अस्सल आहे, त्यावरचं चित्रही म्युनिकचंच आहे, पण ते मानचिन्ह नव्हे. मानचिन्हात मुलगी नाही, बिअर नाही, आणि मुळा तर नाहीच. तिथे चंदेरी, म्हणजे छापताना पांढऱ्या, ढालीवर एक साधू उभा आहे. अंगात पायघोळ काळा झगा, झग्याला सोनेरी काठ, डोक्यावर झग्यालाच जोडलेलं टोपडं, पायांत लाल जोडे. डाव्या हातात लाल पुस्तक आणि उजवा हात वर केलेला. संपलं. पाद्री नव्हे हं, मठात राहणारा संन्यासी. इथे एवढं म्हटलं की बाकीचे जर्मन लोक माना डोलावतात आणि आपल्याकडचे पाहुणे पुन्हा मगाकडे बघतात.

मी गेली १८ वर्षं म्युनिकमध्ये पाहुण्यांना शहर दाखवते. निम्मे गट आपल्याकडचे असतात, त्यातले बरेचसे मुलाकडे किंवा लेकीकडे आलेले आईवडील. मारिएनप्लाट्झ या मुख्य चौकात पोचलो की कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. त्यावर माझं एक ठरलेलं उत्तर आहे: जर्मन शहराचं मानचिन्ह डोळ्यांनी बघायच्या आधी कानांनी ऐका.

शहराचं आजचं जर्मन नाव म्युन्शेन. जुनं रूप मुनिखेन. त्या काळच्या जर्मनमध्ये 'मुनिख' म्हणजे मठवासी साधू, आणि 'मुनिखेन' म्हणजे साधूंपाशी, साधू राहतात तिथे. आपल्याकडे एखादी गोसावीवाडी असते ना, तसं. कुणी मुद्दाम ठेवलेलं नाव नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडात बसलेलं. पुढे या वस्तीचं शहर झालं, कागदपत्रांवर उठवायला शिक्का लागला, तेव्हा चित्र शोधत बसावंच लागलं नाही. ते नावातच होतं. ज्या चिन्हातल्या चित्राचं नाव मोठ्याने घेतलं की गावाचं नाव ऐकू येतं, त्याला इथले जाणकार 'बोलकं चिन्ह' म्हणतात. म्युनिकचा साधू बोलका आहे. तो दुसरं तिसरं काही सांगत नाही, गावाचं नाव सांगतो. ज्या काळात बहुतेकांना अक्षर वाचता येत नव्हतं, त्या काळात मेणावर उठलेला साधू दिसला की कागद कुठून आलाय हे कळायचं.

आता तो मुनीचा मेसेज. ऐकायला गोड आहे, पण खरा नाही. जर्मनमधला साधूचा शब्द लॅटिन 'मोनाखुस'वरून आला, आणि लॅटिनने तो ग्रीकमधून घेतला. ग्रीक मूळ 'मोनोस', म्हणजे एकटा. एकटा राहणारा तो मोनाखोस. आपल्या मुनीचं गोत्र वेगळं. दोघं अरण्यात बसतात, दोघं कमी बोलतात, आणि दोघांच्या नावात म आणि न येतो, यापलीकडे नातं नाही. मेसेज पाठवणाऱ्या काकांना हे जरा जपून सांगा. मी एकदा एका सहलीत तडकाफडकी सांगून टाकलं होतं, तर गृहस्थ पुढचे दोन तास माझ्याशी बोलले नाहीत.

इटालियन लोक या शहराला अजूनही मोनाकोच म्हणतात, 'बव्हेरियाचं मोनाको'. समुद्रकाठच्या श्रीमंत मोनाकोशी गल्लत होऊ नये म्हणून मागे बव्हेरिया, म्हणजे म्युनिक ज्याची राजधानी तो जर्मनीतला प्रांत, लावायचं. गंमत म्हणजे त्या मोनाकोच्या मानचिन्हातही साधू आहेत, ढालीच्या दोन बाजूंना दोघे, आणि दोघांच्याही हातात उपसलेल्या तलवारी. १२९७ मध्ये ग्रिमाल्दी घराण्यातल्या एकाने साधूच्या वेषात जाऊन तिथला किल्ला घेतला, त्याची ती आठवण. म्हणजे तिथला साधू दगाबाजीचा आणि इथला नावाचा. चित्र तेच, कहाणी भलतीच. म्हणून नुसतं चित्र बघून अर्थ लावायला जाऊ नये.

आमच्या साधूची कहाणी सुरू होते मिठापासून. आल्प्सच्या पायथ्याच्या खाणींतून आणि खाऱ्या झऱ्यांतून निघालेलं मीठ पश्चिमेला ऑग्सबुर्गकडे जायचं. वाटेत इझार नदी आडवी. जिथे पूल तिथे जकात, आणि जिथे जकात तिथे पैसा. हा पूल होता फ्योरिंग गावात, फ्रायझिंगच्या बिशपच्या ताब्यात. बव्हेरियाचा सरदार हाइनरिख, ज्याला 'सिंह' म्हणत, त्याने बिशपचा पूल मोडला आणि थोडा वर नदीकाठी मुनिखेनला स्वतःचा पूल, बाजार आणि टांकसाळ सुरू केली. बिशप ऑटो सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाकडे दाद मागायला गेला. आता गंमत बघा: ऑटो हा सम्राटाचा सावत्र काका आणि हाइनरिख त्याचा सख्खा मामेभाऊ. घरचंच भांडण. जर्मन पाहुण्यांना हे समजावताना माझी दमछाक होते, कारण त्यांच्याकडे मामेभाऊ, चुलतभाऊ, आतेभाऊ सगळे एकाच शब्दात. आपल्या माणसांना एका वाक्यात कळतं, आणि सम्राट कुणाकडे झुकला असेल याचा अंदाजही लगेच बांधता येतो.

१४ जून ११५८ रोजी ऑग्सबुर्गला सम्राटाने निवाडा दिला. बाजार मुनिखेनलाच राहील, मात्र जकात आणि टांकसाळीच्या उत्पन्नातला तिसरा हिस्सा फ्रायझिंगला जाईल. गावाचं नाव लिखापढीत पहिल्यांदा येतं ते या कागदात. म्हणून शहर आजही १४ जूनला वाढदिवस साजरा करतं. बिशप ऑटो त्याच वर्षी सप्टेंबरात वारला, पण त्या निवाड्यातून निघालेला देण्याचा हिशेब १८५२ पर्यंत शहराच्या मानगुटीवर बसला होता. सुमारे ७०० वर्षं! आणि हो, पूल गमावलेलं ते फ्योरिंग, आज त्याला ओबरफ्योरिंग म्हणतात, १९१३ मध्ये म्युनिकमध्येच विलीन झालं. फ्रायझिंगवाल्यांनी मात्र उशिरा का होईना उट्टं काढलं. म्युनिकचा विमानतळ म्हणून तुम्ही जिथे उतरता तो फ्रायझिंगच्या शेजारी आहे.

११५८ मध्ये साधू होते म्हणजे बाजाराच्या आधीपासून तिथे मठाची काहीतरी वस्ती होती. आज जिथे संत पीटरचं चर्च आहे, ज्याला इथले लोक लाडाने 'म्हातारा पीटर' म्हणतात, ती टेकडीवजा जागा शहराच्या सगळ्यात जुन्या भागांतली. मी गटाला तिथे नेते, कारण शहर जकातीवर वाढलं असलं तरी नाव मिळालं ते साधूंकडून, आणि हे दोन्ही एका उभ्या जागेवरून दाखवता येतं. खाली भाजीबाजार, वर घंटा.

साधूचा सगळ्यात जुना ज्ञात ठसा १२३९ च्या दस्तावरचा आहे. मेणाचा शिक्का, त्यावर साधू. पुढच्या काळातल्या शिक्क्यांवर शहराची वेस आली, बुरूज आले, वेशीच्या दारात साधू आणि वर राजसत्तेचा प्राणी. ही मांडणी लक्षात ठेवा, कारण म्युनिकच्या मानचिन्हाचं राजकारण तिच्यात आहे. दारात कोण उभं आहे आणि दारावर कोण बसलं आहे, या दोन वेगळ्या गोष्टी. दारातला तो गावाचा, दारावरचा तो सरकारचा.

आता त्याच्या हातांकडे बघू. इथे मी स्वतः पहिली दोन वर्षं चुकीचं सांगत होते. पुस्तक म्हणजे बायबल आणि वर केलेला हात म्हणजे आशीर्वाद, असं मी ठोकून द्यायचे. एकदा गटाच्या मागे एक म्हातारे स्थानिक गृहस्थ थांबून ऐकत होते. माझं झाल्यावर ते जवळ आले, स्वतःचा उजवा हात वर केला, अंगठा आणि पहिली दोन बोटं ताठ, बाकीची दुमडलेली, आणि म्हणाले, "कोर्टात कधी शपथ घेतली नाहीस वाटतं?" मी गप्प. आशीर्वादाची आणि शपथेची मुद्रा या भागात जवळजवळ सारखीच, त्यामुळे घोटाळा होतो. साधूच्या हातातल्या पुस्तकाचा मूळ अर्थ धर्मग्रंथ असणं साहजिकच आहे, पण शहराच्या अधिकृत वर्णनात ते आहे शपथेचं पुस्तक, आणि वर केलेला हात शपथ घेणारा.

हा फरक छोटा नाही. त्या काळचं शहर म्हणजे नुसती घरांची दाटी नव्हे. ते शपथेने बांधलेल्या लोकांचं मंडळ होतं. नागरिक व्हायचं तर शपथ, नगरसभेत बसायचं तर शपथ. १२९४ मध्ये सरदार रुडॉल्फने म्युनिकला नगरहक्कांची सनद दिली, १३४० मध्ये सम्राट लुडविगने नगराचा कायदा घालून दिला. हे हक्क टिकवायचे तर त्यांवर हात ठेवून बोलणारी माणसं हवीत. त्यामुळे साधूच्या हातात ते पुस्तक आलं की तो धर्माचा राहत नाही, नगराचा होतो. माझ्या मते मानचिन्हातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच, आणि मगावर नेमकी तीच गायब होऊन तिच्या जागी बिअर आली!

रंगांबद्दल थोडक्यात. काळा झगा बघून कुणी म्हणतं, हा बेनेडिक्टाइन पंथाचा साधू. असेलही वाटण्यासारखं, पण सोनेरी काठाचा झगा कुठल्या पंथाचा? काळा आणि सोनेरी हे जुन्या पवित्र रोमन साम्राज्याचे रंग, सोन्यावर काळा गरुड. आता ज्याचं नाव घेतलं तो सम्राट लुडविग १३१४ मध्ये राजा झाला, १३२८ मध्ये रोमला सम्राटपदाचा मुकुट घेऊन आला, आणि त्याचं घर म्युनिकमध्ये. त्या नात्याने काळा आणि सोनेरी शहराचे झाले. आजही म्युनिकचा झेंडा काळा-पिवळा. बव्हेरियाचा पांढरा-निळा, शहराचा काळा-पिवळा. मारिएनप्लाट्झवर दोन्ही शेजारी फडकत असतात आणि लोक एकालाच दोन झेंडे समजतात.

मानचिन्हांच्या शास्त्रात रंगांचा एक नियम आहे तोही सांगून ठेवते. सोनं आणि चांदी हे 'धातू', बाकी लाल, निळा, काळा, हिरवा हे 'रंग'. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. रणात धुळीतून, लांबून ढाल ओळखू यायला हवी, म्हणून. म्युनिकचं चिन्ह लावून बघा: चांदीवर काळा झगा, काळ्यावर सोन्याचा काठ. बरोबर बसतं. रस्त्यावरचे दिशाफलक काय वेगळं करतात? आणखी एक: मानचिन्हात उजवं-डावं हे ढाल धरणाऱ्याच्या बाजूने मोजतात, बघणाऱ्याच्या नव्हे. वर्णनात 'उजवीकडे बघणारा' असं वाचलं आणि चित्रात तो तुमच्या डावीकडे बघताना दिसला, तर चित्रकार चुकलेला नसतो.

मोठं मानचिन्ह वेगळं. त्यात चांदीवर लाल वेस, दोन बुरूज, बुरुजांची छपरं काळी-सोनेरी, दारात आपला साधू आणि वर दोन बुरुजांच्या मधून डोकावणारा मुकुटधारी सोनेरी सिंह. हा सिंह बव्हेरियाचा. ११८० मध्ये हाइनरिखची सरदारकी गेली आणि बव्हेरिया विटेल्सबाख घराण्याकडे आला. ते घराणं १९१८ पर्यंत टिकलं. हाइनरिखचं टोपणनाव सिंह होतं म्हणून हा सिंह त्याचा, असं बरेच मार्गदर्शक सांगतात. कानाने ऐकण्याचा माझा नियम इथे उलटा पडतो, कबूल. नाव जुळलं म्हणून चित्र त्याचंच असं नाही. हा सिंह विटेल्सबाखांच्या राज्याचा.

वेशीवर काय काय बसून गेलं ते ऐकण्यासारखं आहे. १८०३ मध्ये बव्हेरियात मठ बंद करून त्यांच्या मालमत्ता सरकारने घेतल्या. मंत्री मोंगेलास यांच्या सुधारणांचा तो काळ. काहीच वर्षांत शहरांचा स्वतःचा कारभारही सरकारने काढून घेतला आणि म्युनिकच्या चिन्हातून साधू हद्दपार झाला. सरकारचा सिंह राहिला, गावाचा माणूस गेला. मठ बंद करणाऱ्या सरकारला राजधानीच्या शिक्क्यात साधू रुचला नसावा, असं मला वाटतं. तो परत आला राजा लुडविग पहिला याच्या काळात. लुडविगला जुन्या गोष्टींचं भारी वेड. त्याने मठही पुन्हा सुरू केले. म्युनिकमधला संत बोनिफाझचा बेनेडिक्टाइन मठ त्यानेच १८३५ मध्ये पाया घालून उभा केला, आणि त्याची समाधीही तिथेच आहे. ऑक्टोबरफेस्ट ज्या लग्नाने सुरू झाला, तो १८१० मधला नवरदेव हाच. म्हणजे साधूला घरी आणणारा आणि त्याच्या हातात पुढे मग देणाऱ्या जत्रेचं निमित्त होणारा एकच माणूस.

नाझी राजवटीत वेशीवरच्या सिंहाला उतरवून तिथे त्यांचा गरुड बसवला, पंजात स्वस्तिक धरलेला. म्युनिकला त्यांनी १९३५ मध्ये 'चळवळीची राजधानी' अशी पदवी दिली होती, तेव्हा शहराच्या दारावर आपलंच पाखरू हवं, हे ओघाने आलं. दारातला साधू मात्र त्यांनी ठेवला. १९४५ नंतर तो गरुड गेला, सिंह परत आला, आणि आज जे रेखाटन वापरात आहे ते १९५७ मध्ये ठरलं. गटातल्या कुणी विचारलं की साधूला त्यांनी का नाही काढलं, तर मी सांगते, शहराचं नाव बदलल्याशिवाय त्याला काढता येत नाही. मोंगेलासच्या काळात ते करून बघितलंच होतं.

आता साधूचं पोर कसं झालं? एका रात्रीत नाही. शिक्का बोटभर, त्यात वेस, त्या वेशीत साधू. माणूस एवढासा कोरला की डोकं मोठं आणि अंग आखूड होतंच. कोणत्याही शिक्के कोरणाऱ्याला विचारा. १६व्या शतकापासून चित्रकारांच्या हातून त्याचा चेहरा गोल होत गेला, दाढी कधीच नव्हती, अंगावर सैल झगा. पुढे चर्चच्या छतांवर गुबगुबीत देवदूत रंगवायची लाट आली आणि आमचा साधूही त्यांच्यातलाच एक दिसायला लागला. लोकांनी मग त्याला नाव दिलं म्युन्शनर किंड्ल. जर्मनमध्ये 'किंड' म्हणजे मूल, आणि बव्हेरियन बोलीत शेवटी 'ल' लागला की लाडाचं रूप होतं, आपल्या 'छोटुकल्या'सारखं. म्युनिकमध्ये जन्मलेल्या माणसालाही 'अस्सल म्युन्शनर किंड्ल' म्हणतात, मग तो ८० वर्षांचा का असेना.

आणि मुलगी? इथे मराठी माणसाला जे पटकन कळतं ते इंग्रजी किंवा हिंदी बोलणाऱ्याला समजावायला वेळ लागतो. जर्मनमध्ये 'किंड्ल' नपुंसकलिंगी आहे. ते मूल, ते पोर. मुलगा की मुलगी हे शब्द सांगतच नाही. मग ज्याला जसं सुचेल तसं त्याने काढलं. पोस्टकार्डांवर मुलगा, जाहिरातींत मुलगी, आणि ऑक्टोबरफेस्टच्या मिरवणुकीत पुढे घोड्यावर बसून काळ्या-पिवळ्या झग्यात येणारी तर चांगली तरुण बाई. अशी रीतसर निवडलेली पहिली तरुणी १९३८ मधली एलिस काउट, जी पुढे लहान मुलांची लेखिका म्हणून घरोघरी पोचली. दिरांच्या मगावरची मुलगी या परंपरेतली.

बिअर आणि मुळाही १९व्या शतकात चिकटले, शहर बिअरसाठी नावाजलं तेव्हा. इथला मुळा आपल्यापेक्षा जाड आणि सौम्य. तो चाकूने गोल गोल, न तोडता, स्प्रिंगसारखा कापतात, मीठ लावून पाणी सुटू देतात आणि बिअरसोबत खातात. कोशिंबिरीतला मुळा आवडणाऱ्यांनी जरूर खावा. साधू आणि बिअर हे नातं मात्र अगदीच हवेतलं नाही. आउगुस्टिनर ही ब्रुअरी १३२८ पासूनची, आउगुस्टिन पंथाच्या मठातली. पाउलानर हे नावच मठाच्या पंथावरून. आणि लुडविगने संत बोनिफाझ मठाला उत्पन्नासाठी जोडून दिलेला आंडेक्सचा मठ आजही स्वतःची बिअर गाळतो. तेव्हा साधूच्या हातात मग बघून इथल्या कुणाला धक्का बसत नाही. फक्त तो साधू वेगळा आणि मानचिन्हातला वेगळा.

या सगळ्यात ओटो हुप्प या माणसाचं नाव घ्यायलाच हवं. १८५९ ते १९४९ असं दीर्घ आयुष्य, आणि त्यातलं बरंचसं म्युनिकजवळ श्लाइसहाइमला मानचिन्हं रेखाटण्यात गेलं. जर्मनीतल्या गावोगावच्या मानचिन्हांची त्याने केलेली रेखाटनं अजून जाणकार उघडून बघतात. श्पाटेन या बिअरचं फावड्याचं चिन्हही त्याचंच, १८८४ मधलं. म्हणजे गंभीर मानचिन्हं आणि बिअरची लेबलं एकाच हाताने काढली जात होती. त्यामुळे दोन्हींच्या रेषा एकमेकींसारख्या दिसतात, आणि पाहुण्यांना मगावरचं चित्र सरकारी वाटतं.

ते सरकारी नाही याला एक अगदी रोकडं कारण आहे. बव्हेरियाच्या कायद्याप्रमाणे गावाचं मानचिन्ह दुसऱ्या कुणाला वापरायचं असेल तर त्या गावाची परवानगी लागते. दुकानदार कशाला त्या भानगडीत पडेल? तो पुस्तक काढतो, मग देतो, हसू आणतो, गालाला गुलाबी रंग लावतो, आणि झालं किंड्ल. म्हणून वस्तू विकत घेताना चेहरा नका बघू, हात बघा. पुस्तक आणि शपथेचा हात असेल तर साधू, खायला-प्यायला काही असेल तर किंड्ल. काहींच्या दोन्ही हातांत काहीच नसतं, नुसते पसरलेले असतात. तिथे मीही अडखळते.

बोलक्या चिन्हांची सवय लागली की प्रवासाला मजा येते. श्टुटगार्टच्या ढालीवर सोन्यावर उधळलेला काळा घोडा आहे, कारण गावाचं नाव घोड्यांच्या पैदाशीच्या जागेवरून, घोड्यांच्या मळ्यावरून आलं. १९६८ पासून हे मुंबईचं भगिनी शहर, तेव्हा मुंबईकरांना त्या घोड्याची ओळख असायला हरकत नाही. बर्लिनचं उलटं. तिथे १२८० च्या शिक्क्यापासून अस्वल आहे, कारण नावात 'बेअर' ऐकू येतं. नाव मात्र जुन्या स्लाव्ह भाषेतलं, दलदलीच्या जागेचं, अस्वलाशी संबंध नसलेलं. ऐकून चित्र काढलं, अर्थ कुणी विचारला नाही. तुम्ही पुण्याचे म्हणून ब्रेमेनचंही सांगते. औंधच्या ब्रेमेन चौकातून जाता ना, त्या ब्रेमेनच्या लाल ढालीवर एक किल्ली आहे. ती बोलकी नाही. ती संत पीटरची, तिथल्या कॅथेड्रलच्या रखवालदार संताची. हँबुर्गच्या मानचिन्हात वेस आहे, तर ब्रेमेनवाले म्हणतात, हँबुर्ग असेल जगाचं दार, किल्ली आमच्याकडे आहे.

दिरांना पुन्हा यायचा योग आला तर त्यांना रात्री पावणेनऊला मारिएनप्लाट्झवर उभं राहायला सांगा. नव्या नगरभवनाचा मनोरा ८५ मीटर उंच. त्याच्या अगदी टोकावर किंड्ल उभं आहे. शिल्पकार अँटोन श्मिडने स्वतःच्या लहान मुलाला समोर उभं करून ते घडवलं, आणि तो मुलगा पुढे लुडविग श्मिड-विल्डी या नावाने लोकप्रिय नट झाला. सकाळी ११ वाजता खालच्या घड्याळातल्या बाहुल्या नाचतात तेव्हा चौकात पाय ठेवायला जागा नसते. रात्री नऊला फारसं कुणी नसतं. वरच्या दोन छोट्या गवाक्षांत दिवे लागतात. एकातून कंदील घेतलेला रात्रीचा पहारेकरी येतो. दुसऱ्यातून एक देवदूत येतो, आणि त्याच्या पुढ्यात काळ्या झग्यातलं ते पोर. देवदूत त्याला आशीर्वाद देतो, घंटांवर अंगाई वाजते आणि ते झोपायला आत जातं. इथे मात्र वर केलेला हात आशीर्वादाचाच आहे, शपथेचा नाही. मी त्या म्हाताऱ्या गृहस्थांना मुद्दाम विचारून घेतलंय.